तेलाची विहीर आणि सातबाऱ्यावरचा बोजा



जमीन विकत घ्यायला निघालेला शहाणा माणूस आधी काय पाहतो? पाणी पाहतो, मातीचा पोत पाहतो, उभे पीक पाहतो. हे खरेच. पण इसार देण्यापूर्वी तो तलाठ्याकडून सातबारा काढून आणतो आणि ‘इतर हक्क’ असे लिहिलेल्या रकान्यावर बोट ठेवतो. तिथे सोसायटीचा बोजा आहे का? बँकेचे गहाण आहे का? बोजा असेल तर तो किती, आणि फेडायचा केव्हा? कारण पीक कितीही तरारलेले असले, तरी त्यावर पहिला हक्क कोणाचा, हे तो रकाना सांगतो.

आज मी तुम्हांला ह्याच रकान्याविषयी सांगणार आहे. मात्र सातबारा आपल्या गावचा नाही. तो आहे सातासमुद्रापलीकडच्या एका तेल कंपनीचा. तुम्ही म्हणाल, आम्हां खेड्यातल्या माणसांना तेल कंपन्यांशी काय करायचे? तर त्याचे कारण आधी सांगतो.

मी गावच्या विकास सोसायटीत सचिव म्हणून बरीच वर्षे काढली. त्यामुळे कर्जाचा विषय निघाला की लोक माझ्याकडे येतात. गेल्या दिवाळीत आमच्या गावचे एक निवृत्त गुरुजी आले. चहा झाला. मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि माझ्यापुढे धरला.

“अण्णा, ही एक तेलाची कंपनी बघा. हिचा शेअर एके काळी तीनशेच्या वर होता. आज अठराला मिळतो. आता अठराचा शेअर पडून पडून पडणार तरी किती?”

“किती घालायचे म्हणता, गुरुजी?”

“चार लाख.”

हे चार लाख कुठले, ते मला ठाऊक होते. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतून नातीच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी त्यांनी ते बाजूला ठेवले होते. मी विचारले, “कंपनीवर बोजा किती आहे?” गुरुजी म्हणाले, “तेल पुष्कळ आहे, अण्णा. समुद्रात तीन ठिकाणी सापडले आहे.” मी म्हटले, “गुरुजी, मी तेल नाही विचारले. बोजा विचारला.”

गुरुजी गप्प झाले. त्या कंपनीचे नाव मी इथे घेत नाही. त्याची गरजही नाही. मी त्यांना दुसऱ्याच एका कंपनीची हकीकत सांगितली. तिचा निकाल लागून गेलेला आहे, त्यामुळे कोण बरोबर आणि कोण चूक हे आज स्वच्छ दिसते. तीच हकीकत तुम्हांला सांगतो.

ह्या कंपनीचे नाव प्रीमियर ऑइल. १९३४ साली स्थापन झालेली ही ब्रिटिश कंपनी. मुंबईच्या समुद्रातल्या ‘रत्ना’ तेलक्षेत्राचे कंत्राट १९९६ साली ज्या गटाच्या वाट्याला आले, त्यात हिचा दहावा हिस्सा होता. पण करारावर सह्या कधी झाल्याच नाहीत, आणि २०१६ साली सरकारने ते क्षेत्र परत ओएनजीसीकडे दिले. असो. प्रीमियरचा मुख्य कारभार होता तो इंग्लंड-स्कॉटलंडजवळच्या उत्तर समुद्रात, शिवाय इंडोनेशिया, व्हिएतनाम अशा ठिकाणी.

आता समुद्रातली विहीर म्हणजे आपली चाळीस हातांची विहीर नव्हे. तेल सापडले तरी ते वर आणायला तरंगते कारखाने लागतात, समुद्राच्या तळाशी नळ टाकावे लागतात. पहिले पिंप हाती येईपर्यंत वर्षे जातात आणि अब्जावधी डॉलर खर्ची पडतात. एवढा पैसा आणायचा कुठून? थोडा भागधारकांचा, म्हणजे शेअर घेणाऱ्यांचा; आणि बराचसा कर्जाऊ. भागधारक हा मालक खरा. पण मालक म्हणजे रांगेत शेवटी उभा राहणारा माणूस. आधी मजुरांची मजुरी, सरकारचा कर, सावकाराचे व्याज आणि मुद्दल. आणि उरलेच काही, तर मालकाला.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे गणित फळ्यावर घालून पाहण्यासारखे आहे. समजा, एका कंपनीची मालमत्ता शंभर रुपयांची आहे आणि कर्ज ऐंशी रुपयांचे. मालकांचे उरले वीस. तेलाचा भाव चढला आणि मालमत्ता एकशेवीसची झाली. कर्ज ऐंशीच राहते. मालकांचे वीसाचे चाळीस झाले. भाव वाढला पाचव्या हिश्शाने, आणि मालकांचा पैसा झाला दुप्पट! आता उलट धरा. मालमत्ता शंभराची ऐंशी झाली. कर्ज ऐंशीच. मालकांचे उरले शून्य. कर्जबाजारी कंपनीचा शेअर उड्या का मारतो आणि तसाच आपटतो का, ह्याचे सारे मर्म ह्या चार ओळींत आहे.

आणखी एक ओळ घाला. ऐंशी रुपयांवर दहा टक्के व्याज म्हणजे वर्षाला आठ रुपये. तेल वर यायला दोन वर्षे उशीर झाला आणि दुसरे उत्पन्न नसले, तर सोळा रुपये व्याजातच गेले. मालकांचे वीसाचे चार राहिले. तेलाचा भाव एका पैशाने हलला नाही, तरीसुद्धा!

आता प्रीमियरकडे वळू. २०१४ च्या जूनमध्ये खनिज तेलाचा भाव पिंपामागे सुमारे ११५ डॉलर होता. प्रीमियरचा शेअर लंडनच्या बाजारात तीनशे पेन्सांवर होता. भाव असाच राहील असे धरून कंपनीने मोठाली कामे काढली होती. पण त्याच वर्षाच्या उत्तरार्धात भाव घसरू लागला. अमेरिकेत खडकांतून काढलेले तेल बाजारात भरमसाट येत होते आणि सौदी अरेबियासारखे देश आपला उपसा कमी करायला तयार नव्हते. २०१६ च्या जानेवारीत भाव तीस डॉलरच्याही खाली आला. प्रीमियरचा शेअर वीस पेन्सांच्या खाली गेला. २०१६ च्या अखेरीस कंपनीवर सुमारे २८० कोटी डॉलर कर्ज होते.

किरकोळ भागधारकांमध्ये वाद पेटला तो इथपासून. हे लोक काही मोठे शेठ-सावकार नव्हते. आपल्या गाठीचे पैसे घालून बसलेली साधी माणसे होती. त्यांत दोन तट पडले. बाजाराच्या भाषेत सांगायचे तर तेजीवाले आणि मंदीवाले. दोघांचेही ऐकू या. कारण दोघेही मूर्ख नव्हते.

तेजीवाले म्हणत: कंपनीचा माल पाहा. उत्तर समुद्रात ‘कॅचर’ नावाचे मोठे क्षेत्र तयार होत आले आहे. फॉकलंड बेटांजवळ ‘सी लायन’ हे क्षेत्र आहे, त्यात साठ टक्के हिस्सा आपला. २०१७ च्या जुलैत तर मेक्सिकोच्या समुद्रात ‘झामा’ हा प्रचंड साठा सापडला आणि त्यातही चौथा हिस्सा आपला होता. बँका कंपनीला बुडवून काय मिळवणार? त्यांना तरी कर्ज वसूल करायचेच आहे ना? तेव्हा दम धरा. भाव परत येईल, कर्ज फिटेल आणि शेअर दसपट होईल.

मंदीवाले म्हणत: माल आहे, कबूल. पण जमिनीत तेल असणे निराळे आणि पिंपात येणे निराळे. सी लायन सापडले २०१० साली, अजून एक थेंब निघालेला नाही. ‘सोलन’ क्षेत्रातून २०१६ साली तेल निघाले खरे, पण अपेक्षेपेक्षा कमी. जुन्या विहिरी आटल्या म्हणजे त्या नियमाप्रमाणे बुजवाव्या लागतात, समुद्रातले सांगाडे काढावे लागतात. तो खर्च म्हणजेही एक कर्जच, फक्त त्यावर बँकेचा शिक्का नाही. शिवाय बँकांच्या अटी आहेत. कर्ज मिळकतीच्या ठरावीक पटीपलीकडे गेले की सूत्रे बँकांच्या हाती. मुदत आली आणि तेव्हाच भाव पडलेला असला, तर तुमचा दम काय कामाचा?

मंडळी, ही भांडणे आपल्या ओळखीची आहेत. एक भाऊ म्हणतो, “ऊस बघ कसा आलाय!” दुसरा म्हणतो, “ऊस आलाय, पण हप्ता मार्चमध्ये आहे आणि तोड लागणार एप्रिलमध्ये.” दोघेही खरेच बोलतात. फक्त एक पिकाकडे पाहतो आणि दुसरा तारखेकडे.

पुढे काय झाले? २०१७ साली कंपनीने सावकारांशी नवा करार केला. मुदत २०२१ च्या मे महिन्यापर्यंत वाढवून मिळाली. पण सावकार फुकट दम धरत नाही. त्यांनी वाढीव व्याज घेतले आणि ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घेण्याचे हक्कही घेतले. म्हणजे शेअर चढलाच, तर त्या चढीतही सावकार वाटेकरी झाला. हे किरकोळ भागधारकांपैकी अनेकांच्या ध्यानात आले नाही.

त्यानंतर तेजीवाल्यांचे दिवस आले. २०१७ च्या डिसेंबरात कॅचरमधून तेल सुरू झाले आणि ते चांगले निघाले. तेलाचा भावही वर आला. २०१८ साली शेअर शंभर पेन्सांच्या पुढे गेला. वीसच्या आत घेऊन शंभरावर ज्यांनी विकला, त्यांनी पाचपट कमावले. हे मी लपवून ठेवणार नाही. तसे करणारे होते, आणि पुढे कितीएक वर्षे त्यांचीच उदाहरणे लोक देत राहिले. कंपनीही फेड करीत होती. २०१९ च्या अखेरीस कर्ज सुमारे दोनशे कोटी डॉलरवर आले. २०२० च्या जानेवारीत शेअर पुन्हा शंभरावर होता.

ह्याच सुमारास एक विलक्षण गोष्ट घडली. कंपनीने ब्रिटिश पेट्रोलियमकडून आणखी क्षेत्रे विकत घ्यायचे ठरवले आणि कर्जाची मुदत २०२३ पर्यंत वाढवून मागितली. त्याला हाँगकाँगच्या एका गुंतवणूक संस्थेने आडकाठी केली. ही संस्था प्रीमियरची एक मोठी सावकार होती. आणि त्याच वेळी तिने, कंपनीचा शेअर पडेल, अशीही मोठी पैज लावून ठेवलेली होती, ती एकूण शेअरांच्या सुमारे सहाव्या हिश्शाएवढी! म्हणजे सावकाराच्या एका हातात गहाणखत आणि दुसऱ्या हातात, ह्या शेतकऱ्याचे दिवाळे निघेल, ह्यावरची पैज. प्रकरण एडिंबरोच्या न्यायालयात गेले. २०२० च्या वसंतात निकाल कंपनीच्या बाजूने लागला.

पण तोपर्यंत आभाळच फाटले होते. करोनाची साथ आली, विमाने आणि मोटारी उभ्या राहिल्या. त्यातच मार्चमध्ये रशिया आणि सौदी अरेबियाचे उत्पादनावरून बिनसले. तेलाला गिऱ्हाईक उरले नाही. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेत तेलाच्या वायद्याचा भाव शून्याच्याही खाली, उणे सदतीस डॉलरांवर गेला. त्याची झळ मुंबईपर्यंत आली. तिथल्या एमसीएक्स बाजारात त्या महिन्याचा सौदा पिंपामागे उणे २,८८४ रुपयांना मिटवला गेला. “तेल फार स्वस्त झाले, आता पडून पडून किती पडणार?” असे म्हणून ज्यांनी खरेदी केली होती, त्यांना घातलेले पैसे जाऊन वर आणखी पैसे भरण्याची पाळी आली. गुरुजींचा प्रश्न आठवतो ना?

प्रीमियरचा शेअर पुन्हा वीस पेन्सांच्या खाली आला. वर्षभरात कर्जाची मुदत संपत होती. न्यायालयात जिंकलेली मुदतवाढ ज्या व्यवहारासाठी होती, तो व्यवहारच ह्या मंदीत टिकला नाही. अखेर २०२० च्या ऑक्टोबरात जाहीर झाले, की प्रीमियर ही क्रायसॉर नावाच्या कंपनीत मिळून जाणार. २०२१ च्या मार्चअखेर ते पुरे झाले आणि नव्या कंपनीचे नाव पडले हार्बर एनर्जी.

आता वाटणी ऐका. सुमारे २७० कोटी डॉलरच्या कर्जापोटी सावकारांना सुमारे १२३ कोटी डॉलर रोख मिळाले, आणि शिवाय नव्या कंपनीत सुमारे अठरा टक्के हिस्सा. क्रायसॉरच्या मालकांना मिळाले सत्त्याहत्तर टक्के. आणि प्रीमियरचे जुने भागधारक, जे स्वतःला त्या साऱ्या तेलाचे मालक समजत होते? त्यांच्या वाट्याला आले जेमतेम पाच टक्के. सावकारांनाही झीज सोसावी लागली, हे खरे. पण त्यांनी आधी रोख मोजून घेतले, मग उरलेल्यातला मोठा वाटा घेतला. मालकाची पाळी शेवटी आली.

श्रोतेहो, ह्यातली खरी मेख लक्षात घ्या. तेजीवाल्यांचे पुष्कळसे म्हणणे खरे ठरले होते. कॅचरचे तेल खरे निघाले. बँकांनी कंपनी लिलावात काढली नाही, हेही खरे ठरले. तेलाचा भाव परत येईल, तेही खरे झाले. २०२२ साली तो पुन्हा शंभर डॉलरच्या वर गेला. मग ते चुकले कुठे? ते तेलाविषयी बरोबर होते आणि शेअरविषयी चुकले. पीक आले, पण ते येईपर्यंत जमीन त्यांची राहिली नाही. दम धरण्याची ताकद ज्याच्याकडे असते, फायदा त्याचा होतो. आणि कर्जदाराचा दम त्याच्या हातात नसून सावकाराच्या हातात असतो.

असे परदेशातच घडते, असे समजू नका. आपल्या मराठवाड्यात वाढलेली व्हिडिओकॉन कंपनी टीव्ही आणि फ्रिजसाठी घरोघर माहीत होती. आंध्रच्या किनाऱ्याजवळच्या ‘रव्वा’ तेलक्षेत्रात तिचा चौथा हिस्सा होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल. कर्ज डोईजड झाले आणि २०१८ साली ती दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली. २०२१ च्या जूनमध्ये जी योजना मंजूर झाली, तीत कर्ज देणाऱ्यांना शंभरातले पाच रुपयेही नव्हते, आणि भागधारकांच्या शेअरची किंमत धरली गेली शून्य. ती योजना पुढे २०२२ साली अपिलात रद्द झाली. पण भागधारकाची जागा रांगेत कुठे असते, ते त्या दिवशी सगळ्यांना दिसले. आपल्या २०१६ च्या कायद्यातही रांगेचा शेवटचा मान साध्या भागधारकाचाच आहे.

मग शेअर घेऊच नयेत की काय? तसे मी म्हणत नाही. कर्ज घेणे हे पाप नाही. विहीर कर्जाशिवाय होत नाही, समुद्रातली तर नाहीच. पण कर्जबाजारी कंपनीचा शेअर घेण्यापूर्वी चार प्रश्न स्वतःला विचारा. पहिला, बोजा किती, आणि तो वर्षाच्या मिळकतीच्या किती पट? दुसरा, फेडीची तारीख कोणती? तिसरा, त्या तारखेला तेलाचा भाव निम्मा झालेला असेल, तर कंपनी काय करील? आणि चौथा, नवे शेअर काढून किंवा सावकाराला वाटा देऊन माझा हिस्सा पातळ होण्याचा संभव किती? ह्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे कंपनीच्या वार्षिक अहवालात असतात. तो अहवाल म्हणजे कंपनीचा सातबारा. तो कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. इंग्रजी अडले, तर शाळेतल्या शिक्षकांना विचारा. शिक्षकांनाही माझी विनंती आहे: नफा-तोट्याची गणिते शिकवताना एखाद्या वर्गात हा सातबाराही वाचून दाखवा. मुलांच्या हाती मोबाइल आलेला आहे; त्यावर शेअर घेणे आता दोन बोटांचे काम आहे. रकाना वाचण्याची सवय मात्र बोटांना आपोआप लागत नाही.

आणि “अठराचा शेअर पडून किती पडणार” ह्याचे उत्तर सोपे आहे. अठराचा शून्य होतो, तेव्हा आपले शंभर टक्के जातात. तीनशेचा शून्य झाला तरी शंभर टक्केच जातात. स्वस्त-महाग हे शेअरच्या आकड्यावर ठरत नाही, बोजा वजा जाता काय उरते त्यावर ठरते.

आता गुरुजींचे काय झाले, ते सांगून संपवतो. आठवडाभराने ते पुन्हा आले. अहवाल छापून आणला होता आणि लाल शाईने खुणा केल्या होत्या, वही तपासावी तशा. म्हणाले, “अण्णा, दोन वर्षांनी मोठा हप्ता आहे. नातीची शेवटची फीही त्याच वर्षी आहे.” एवढे बोलून त्यांनी कागद मिटला. चार लाखांतले पाच हजार त्यांनी शेअरमध्ये घातले, हौस म्हणून. बाकीचे पोस्टात ठेवले.

पुढे तो शेअर अठराचा सव्वीस झाला. गुरुजी रस्त्यात भेटले तेव्हा हसून म्हणाले, “अण्णा, तुमच्यापायी माझा लाखाहून जास्त नफा बुडाला, बरं का!”

मी म्हटले, “खरं आहे, गुरुजी. उद्या तो साठही होईल, किंवा सहाही होईल. पण नातीची फी त्याच्या लहरीवर टांगलेली नाही ना?”

गुरुजी म्हणाले, “नाही. ती पहिल्या सत्राची परवाच भरली.”